संविधान आले कोठून आणि त्यात आपले काय?



नोव्हेंबर लागला की आमच्या कोरीट गावात आणि नंदुरबारच्या वस्त्यावस्त्यांत संविधानाची चर्चा सुरू होते. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा दिवस सरकारी पातळीवर संविधान दिन म्हणून पाळला जातो. शाळेत उद्देशिका वाचली जाते, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार पडतो. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण याच दिवसांत दोन वाक्ये हमखास आमच्या कानी पडतात.

पहिले वाक्य दुसऱ्या आळीतून येते. "तुमची ती घटना म्हणजे इंग्रजांच्या कायद्याची नक्कल. इकडून तिकडून गोळा केलेली!" दुसरे वाक्य आपल्याच माणसांचे असते. "घटना बाबासाहेबांनी एकट्याने लिहिली. बाकीचे फक्त सह्या करायला होते." पहिल्या वाक्याने आपल्या पोरांचे डोके तापते, दुसऱ्याने छाती फुगते. पण दोन्ही वाक्ये बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पुस्तक एकदाही उघडलेले नसते, हे आमचे खरे दुखणे आहे. म्हणून या वेळी आम्ही ठरवले की संविधान कसे जन्मले, त्याच्या पोटात काय आहे आणि आपल्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यांना ते कोठे उपयोगी पडते, एवढे साध्या भाषेत सांगायचे.

जन्म कसा झाला?

नंदुरबारच्या चौकात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार इंग्रजांच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले. पुढे चार वर्षांतच इंग्रज जाणार हे नक्की झाले. पण इंग्रज गेल्यावर राज्य कोणत्या नियमाने चालणार? पाटील-सावकाराच्या नियमाने की माणुसकीच्या नियमाने? ते ठरवण्यासाठी १९४६ साली संविधान सभा निवडली गेली. ही निवड जनतेने थेट केली नव्हती. प्रांतांच्या विधिमंडळांतील सभासदांनी ती केली होती. त्या विधिमंडळांसाठी मत देण्याचा हक्कही सर्वांना नव्हता. जमीनमहसूल, कर, शिक्षण अशा अटी होत्या. ज्याच्या घरात शेत नाही आणि पाटी नाही, त्याच्या घरात बहुधा मतही नव्हते.

बाबासाहेब त्या सभेत सहजासहजी पोहोचले नाहीत. मुंबई विधिमंडळात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनजवळ त्यांना निवडून देण्याइतके बळ नव्हते. तेव्हा दूरच्या बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना निवडून पाठवले. महाराष्ट्राच्या सुपुत्राला संविधान सभेचे दार बंगालच्या नमोशूद्र बांधवांनी उघडून दिले, हे उपकार आपण विसरता कामा नयेत.

९ डिसेंबर १९४६ रोजी सभेची पहिली बैठक झाली. ११ डिसेंबरला डॉ. राजेंद्र प्रसाद अध्यक्ष झाले. १३ डिसेंबरला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. त्यावर १७ डिसेंबरला बाबासाहेब बोलले. ठरावात हक्कांची भाषा आहे, पण हक्क मोडला गेला तर माणसाने दाद कोठे मागायची याचा त्यात पत्ता नाही, असे त्यांनी सभेला स्पष्ट सुनावले. ज्या हक्काला दाद नाही तो हक्कच नाही, हा त्यांचा मुद्दा होता. वाचकहो, हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी फेडरेशनच्या वतीने 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या विषयावर एक निवेदन तयार केले. तेवढ्यात फाळणी ठरली आणि बंगालमधली त्यांची जागा गेली. मग जुलै १९४७ मध्ये बॅ. मु. रा. जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ते मुंबई प्रांतातून निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली आणि दुसऱ्याच दिवशी बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, त्याच्या हाती देशाच्या कायद्याचा मसुदा आला.

एकट्याने लिहिली का?

आता आपल्या लोकांच्या वाक्याकडे येऊ. आम्हांस ठाऊक आहे की हे वाक्य प्रेमापोटी बोलले जाते. पण बाबासाहेब सत्याचे भुकेले होते. त्यांच्या नावाने अर्धे सत्य सांगणे त्यांना रुचले नसते.

सुरुवातीचा एक मसुदा संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी तयार केला होता. त्यात २४३ कलमे आणि १३ अनुसूची होत्या. मसुदा समितीने त्यावर काम करून ३१५ कलमे आणि ८ अनुसूचींचा मसुदा तयार केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी तो सभेपुढे चर्चेला ठेवला. त्यावर ७६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २४७३ प्रत्यक्ष सभेत मांडल्या गेल्या. एकेका दुरुस्तीला उत्तर द्यायला उभे राहायचे कोणी? बहुतेक वेळा बाबासाहेबांनी. प्रकृती साथ देत नसताना हा माणूस महिनोन् महिने सभेत उभा राहून प्रत्येक शब्दाचा हिशेब देत होता.

समितीचेच एक सभासद टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेत सांगितले की सात जणांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानाच्या कामात गुंतले, एक-दोघे दिल्लीपासून लांब होते. मसुद्याचा भार अखेर डॉ. आंबेडकरांवरच पडला. हे प्रमाणपत्र आपल्या माणसाने दिलेले नाही, हे लक्षात घ्या.

आणि बाबासाहेबांनी काय केले? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी श्रेय वाटून दिले. बी. एन. राव यांचे नाव घेतले, समितीच्या सहकाऱ्यांचे घेतले, मसुदा लेखनिक एस. एन. मुखर्जी यांचे घेतले, एवढेच नव्हे तर रात्र रात्र बसून काम करणाऱ्या कचेरीच्या कर्मचाऱ्यांचेही घेतले. आम्ही स्वतः आयुष्यभर कारकुनी केली. साहेबांनी श्रेयाच्या जागी कारकुनाची आठवण काढावी, हे किती दुर्मीळ असते ते आम्ही जाणतो. श्रेय वाटल्याने बाबासाहेब लहान झाले नाहीत. म्हणून कोणी विचारले तर छातीठोकपणे सांगावे की घटना संविधान सभेने केली, तिला आकार बाबासाहेबांनी दिला आणि तिचा कणा त्यांनी सांभाळला.

नक्कल आहे का?

आता दुसऱ्या आळीतल्या वाक्याला उत्तर. १९३५ च्या कायद्यातून बराच भाग घेतला, ही गोष्ट बाबासाहेबांनी लपवली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनीच ती सांगितली. घेतले ते बहुतांशी कारभाराचे तपशील आहेत आणि चांगल्या विचारावर कोणाची मक्तेदारी नसते, असे त्यांचे उत्तर होते. संसदेची पद्धत इंग्लंडची, मूलभूत हक्कांची कल्पना अमेरिकेच्या वळणाची, मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या धर्तीची, हे खरेच आहे. वाणिज्य शाखेत आम्ही शिकलो की जमाखर्चाची दुहेरी नोंद इटलीतून जगभर गेली. म्हणून कोरीटच्या किराणा दुकानाची उधारी इटलीची होते काय? पद्धत बाहेरची असली तरी वहीत लिहिलेले देणे-घेणे आपलेच असते.

शिवाय सगळेच बाहेरून आले असेही नाही. बौद्ध वाचकांनी ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी. २५ नोव्हेंबर १९४९ च्याच भाषणात बाबासाहेबांनी सभेला आठवण दिली की लोकशाहीचे कामकाज या देशाला नवे नाही. भगवान बुद्धांच्या भिक्खू संघात सभेचे सगळे नियम होते. आसने कशी मांडायची, ठराव कसा मांडायचा, किमान किती भिक्खू हजर हवेत, मते कशी मोजायची, हे सारे विनयात ठरलेले होते. ठरावाला ज्ञप्ती म्हणत, मतासाठी शलाका म्हणजे काड्या वाटत. बाबासाहेबांच्या मते संघाने हे नियम त्या काळच्या राजकीय सभांतून घेतले असावेत. पुढे देशाने ती परंपरा गमावली. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपली त्रिसूत्री फ्रान्सच्या क्रांतीतून उचललेली नसून आपल्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहे, असे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवरही सांगितले.

विहिरीचे नाव घटनेत का आले?

पण घटनेचे खरे मूळ कोठे आहे असे आम्हांस विचाराल, तर आम्ही आपल्या लोकांच्या भोगलेल्या दुःखाकडे बोट दाखवू.

कलम १५ उघडून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायचा नाही, असे तेथे म्हटले आहे. पण कलम एवढ्यावर थांबत नाही. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते अशी नावे घेत जाते. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आणि तलाव कशाला आले? ज्याने महाड विसरले नाही त्याला हे विचारावे लागत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच केला होता. ठराव कागदावर राहिला. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. त्यानंतर कोर्टकचेरी चालली ती १९३७ पर्यंत. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे! ते पाणी कलम १५ मध्ये उतरले आहे.

महाड कोकणात राहिले, पण आपल्या खानदेशाचाही यात वाटा आहे. १९२९ सालची गोष्ट; मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. त्याच सुमारास धुळ्याच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करायला ते गेले होते. परतताना चाळीसगावच्या स्टेशनावर उतरले. तेथल्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. पण अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र त्यांच्यांतल्याच कोणी तरी. हाकणाऱ्याला सवय नव्हती. पुलावर चाक आपटले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि गाडी नदीत गेली. त्यांचा पाय मोडला. विलायतेत शिकून आलेला बॅरिस्टर, पण टांगेवाल्याच्या लेखी तो आपल्याहून हलका! बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. आज ते कलम १७ आहे. ते पाळण्यासाठी १९५५ साली कायदा झाला, पुढे १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. चाळीसगाववरून रेल्वेने जाताना मुलांना ही हकीकत सांगत जा.

त्या पुस्तकात आमचे काय?

मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका आजीबाईंनी एकदा अहिराणीत सरळ विचारले, "भाऊ, त्या पुस्तकमा आमनं काय शे?" या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. पुस्तकाची मांडणीच समजावून द्यावी लागते.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले तेव्हा त्यात २२ भाग, ३९५ कलमे आणि ८ अनुसूची होत्या. २६ जानेवारी १९५० पासून ते अंमलात आले. आता अनुसूची १२ आहेत आणि २०२३ पर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या आहेत. आकडे ऐकून घाबरू नका. गावातले घर जसे ओटा, माजघर, कोठार असे पाहिले की समजते, तसे हे पुस्तक आहे.

सर्वांत आधी उद्देशिका येते. तिचा पहिलाच शब्द 'आम्ही' आहे. देवाने दिले, राजाने दिले किंवा इंग्रजाने दिले असे तेथे म्हटलेले नाही. भारताच्या लोकांनी स्वतःला दिले, असे म्हटले आहे. त्या 'आम्ही' मध्ये आजीबाईही येतात.

मग तिसरा भाग, कलम १२ ते ३५. यात मूलभूत हक्क आहेत. कायद्यापुढे सर्व समान, बोलण्याचे स्वातंत्र्य, जगण्याचा हक्क, वेठबिगारीला बंदी, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात राबवण्यास बंदी, धर्माचे स्वातंत्र्य. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा कलम २५ त्यांच्या पाठीशी होते. आणि या भागात कलम ३२ आहे. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जा, असे ते सांगते. १७ डिसेंबर १९४६ च्या भाषणात जी उणीव बाबासाहेबांनी दाखवली होती, ती त्यांनी येथे भरून काढली. म्हणूनच या कलमाला ते घटनेचा आत्मा आणि हृदय मानत. उच्च न्यायालयात जाण्याची वाट कलम २२६ ने दिली आहे.

चौथ्या भागात मार्गदर्शक तत्त्वे आहेत. समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन, जगण्यापुरती मजुरी, शिक्षण, आरोग्य. यांसाठी कोर्टात थेट दावा लावता येत नाही, पण राज्य चालवणाऱ्याने ती डोळ्यांसमोर ठेवायची असतात. आणि लोकांनी नेट लावला तर तत्त्वाचा हक्क होतो. मुलांच्या शिक्षणाचे तत्त्व २००२ च्या दुरुस्तीने मूलभूत हक्क झाले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण, हे कलम २१-क. त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

पाचव्या आणि सहाव्या भागात केंद्र आणि राज्ये यांचा कारभार व न्यायालये आहेत. पंधराव्या भागात निवडणुका. तेथले कलम ३२६ प्रत्येक प्रौढाला एक मत देते. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन आयोगापुढे सर्व प्रौढांना मताधिकार मागितला, तेव्हा अनेक शहाण्यांना ती अडाण्यांची चैन वाटली होती. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. १९८९ पासून मताचे वय २१ चे १८ झाले.

नवव्या भागात पंचायती आहेत. बाबासाहेबांना जुन्या गावगाड्याचे कौतुक नव्हते. गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे डबके, असे त्यांनी सभेत रोखठोक सांगितले होते. तरी ग्रामपंचायतीचे कलम ४० त्यांनी स्वीकारले. १९९३ साली ७३ वी दुरुस्ती लागू झाली, तेव्हा पंचायतीत अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रियांच्या जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. जुन्या गावात ज्यांना चावडीच्या पायरीवर बसू देत नव्हते, त्यांना नव्या पंचायतीत खुर्ची मिळाली. खुर्चीवर बसून बोलायचे की मुकाट्याने अंगठा लावायचा, हे मात्र आपल्यावर आहे.

दहावा भाग आणि पाचवी अनुसूची आपल्या जिल्ह्याला फार जवळची. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा आदिवासींची बाजू घेऊन उभे राहिले होते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन, जंगल, पाणी यांबाबत अधिकार दिले. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी हे आपले शेजारी आहेत. त्यांचा हक्क कमी झाला तर आपला वाढतो, असे जो सांगेल तो आपला हितचिंतक नव्हे.

हे हाती कसे धरायचे?

आता प्रत्यक्ष उपयोगाचे. तीनच उदाहरणे देतो.

पहिले मजुरीचे. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामे चालू होती. मजुरांना ठरलेल्या किमान वेतनाहून कमी पैसे मिळत होते. एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. पत्रच याचिका म्हणून घेतले गेले. न्यायालयाने सांगितले की पोटाच्या गरजेपोटी माणूस किमान वेतनाहून कमी पैशांत राबतो, तेव्हा ती वेठबिगारीच आहे आणि कलम २३ चा भंग आहे. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या, पथारीवर राबणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा निकाल माहीत हवा. मजुरीचा हिशेब रोजच्या रोज वहीत लिहा. तारीख, काम, मिळालेले पैसे. वही नसेल तर कलमही मुके होते.

दुसरे दाखल्याचे. अनुसूचित जातींची यादी कलम ३४१ खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते. १९५० चा आदेश मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शीख आले. धम्म स्वीकारलेल्या आपल्या लोकांना मात्र १९९० सालच्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. चौतीस वर्षे! तेवढ्या काळात किती मुलांच्या केंद्राच्या नोकऱ्या गेल्या, याचा हिशेब कोण देणार? आजही आम्ही पाहतो की मुलगा परीक्षा पास होतो आणि दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिले म्हणून कागद परत येतो. कारण त्या यादीत जातींची नावे आहेत, धर्माचे नाही. धर्म बौद्ध आणि मूळ अनुसूचित जात, दोन्ही नोंदी आई-वडिलांनी मुलगा दहावीत असतानाच तपासून घ्याव्यात.

तिसरे अर्जाचे. कचेरीत बसून आम्ही पाहिले आहे की 'कृपा करून मदत करावी' असा अर्ज ढिगाच्या तळाशी जातो. 'अमुक कायद्याच्या अमुक कलमानुसार मिळावे, कारणासह लेखी उत्तर द्यावे' असा अर्ज आला की साहेब चष्मा चढवतात. अर्जाची पोहोच घ्या, तारीख टाका, नक्कल घरात ठेवा. हक्काचे मागताना हात जोडण्याची गरज नाही. उर्मटपणाचीही नाही.

बाबासाहेबांचा इशारा

घटना झाली म्हणजे सगळे झाले, असे बाबासाहेबांना कधी वाटले नाही. शेवटच्या भाषणात त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. रक्तपाताचे मार्ग सोडा, सनदशीर मार्ग धरा. राजकारणात कोणाची भक्ती करू नका, ती हुकूमशाहीकडे नेते. आणि केवळ राजकीय लोकशाहीवर थांबू नका, समाजात आणि संसारात समता आणा, नाहीतर विषमतेने पोळलेले लोक ही इमारतच उधळतील.

दुसरा इशारा आपल्यालाही लागू आहे. पुतळ्याला हार घालणारा हात पुस्तकाचे पान उलटत नसेल, तर तो हात भक्ताचा झाला, अनुयायाचा नव्हे.

तिसरा इशारा तर थेट आपल्या घरात येतो. भिंतीवर उद्देशिका लावली आणि घरात सुनेला बोलायची मुभा नाही. मुलाला शिकवणीला पैसे आहेत, मुलीला नाहीत. विहारात वंदनेला बायका पुढे, पण समितीच्या बैठकीत चहापुरत्या. पोटजातीत सोयरीक जमेना म्हणून ठरलेले लग्न मोडायचे. हे सारे चालू ठेवून आपण दुसऱ्यांना कलम १५ कोणत्या तोंडाने दाखवणार? बंधुता ही पोलीस ठाण्यात नोंदवून मिळत नाही. ती चुलीपासून सुरू करावी लागते. संविधान सभेत दाक्षायणी वेलायुधन नावाची आपल्यासारख्याच दलित समाजातली तरुण स्त्री सभासद होती आणि ती निर्भीडपणे बोलत होती. आपल्या लेकीबाळींना हे नाव पाठ असू द्या.

म्हणून या वर्षी आमची एक साधी सूचना आहे. विहारात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढावा. शासनाने छापलेली 'भारताचे संविधान' ही मराठी प्रत मिळते. ती आणावी. तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी. एका रविवारी एक कलम, फार तर दोन. वाचायचे काम आठवी-नववीतल्या मुला-मुलींना द्यावे, समजावण्याचे काम शिकलेल्यांनी करावे आणि प्रश्न विचारण्याचा पहिला मान मजुरी करणाऱ्या बायकांना द्यावा. शेजारच्या आदिवासी आणि इतर बांधवांनाही बोलवावे. सहा महिन्यांत तिसरा भाग वाचून होईल. मग कोणी नक्कल म्हणाले तर डोके तापणार नाही. पोर शांतपणे कलम काढून दाखवील.

नमो बुद्धाय! जय भीम! जय संविधान!